आवळीभोजनाचा आडवा-उभा हिशोब

आमच्या मंडळाने आईची आवळीभोजनाची वर्गणी माफ केली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसांशी भांडले. आजही कोणी विचारतं, एवढं चिडायला काय झालं होतं, लोकांनी चांगुलपणाच दाखवला ना? माझं उत्तर तेव्हा होतं तेच आज आहे. असला चांगुलपणा त्यांचा त्यांना लखलाभ.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातले. आमच्या मराठीत निम्मं कानडी. ‘जरा थांब’ऐवजी ‘स्वल्प थांब’ म्हणायचं, ‘बरं, येते’ऐवजी ‘सरी, येते’, शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला अक्का आणि वडिलांना अण्णा. पन्नास सालानंतर इथे सरकारी कारखाने निघाले नि पुण्या-मुंबईकडची कुटुंबं नोकरीपायी आली. ती मंडळी आमचं बोलणं ऐकून हसायची. आम्हीही त्यांचं ऐकून हसत असू, पण घरी गेल्यावर. तरी परमुलखात मराठी माणूस मराठी माणसाला शोधतोच. जुन्या आणि नव्या अठरा घरांनी मिळून एक मंडळ काढलं, आणि मंडळाचा वर्षाचा मोठा कार्यक्रम म्हणजे कार्तिकातलं आवळीभोजन.

आवळीच्या झाडाखाली बसून जेवायचं, अशी ती रीत. आमच्या बेंगळुरातल्या शिवाजीनगरहून बसगाड्या ठरवायच्या, एक पहाटे सामान घेऊन पुढे, बाकीच्या मागून माणसांच्या, नि बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठच्या आमराईत जायचं. तेव्हा तिथे तळं, भातशेतं आणि बगळे, बाकी काही नाही. आमराईत आवळी कुठून असणार? म्हणून आम्ही एक फांदी बरोबर न्यायचो, मातीत रोवायचो, तिची पूजा करायचो आणि तिच्याभोवती पंगती मांडायचो. पुण्याच्या बायका आधी नाक मुरडायच्या, पण दुसऱ्या वर्षी फांदी तोडून आणायला त्याच पुढे.

खर्चाची पद्धत सोपी होती. घरटी बारा रुपये. घरात माणसं तीन असोत की अकरा, वर्गणी बाराच. अण्णा होते तोवर आमची वर्गणी सगळ्यांच्या आधी पोचायची. आम्ही तिघंच, तरी बारा रुपये देताना अण्णांनी कधी कुरकुर केली नाही. दान द्यायचं तर मोजू नये आणि देणं असेल तर पै ठेवू नये, असं ते म्हणायचे.

अण्णा गेले आणि आईचं जगच आटलं. हळदीकुंकू बंद, डोहाळजेवणं बंद, बारशाला बोलावणं आलं तरी मागच्या दाराने यायचं नि मागेच बसायचं. आमच्या गल्लीत हे कोणी कोणाला सांगत नसे, सगळ्यांना आपोआप कळायचं. वर्षातून आवळीभोजनाचा एक दिवस तेवढा उरला होता, ज्या दिवशी तिला चारचौघांत जेवता, बायकांशी हसता, तळ्याकाठी पाय मोकळे करता येणार होते. अण्णांना वर्ष होऊन पुढचा कार्तिक जवळ आला तसं तिने आपलं धुवट लुगडं घडी करून गादीखाली ठेवलं. मी ते बघत होते.

मी एका कारखान्याच्या हिशोबखात्यात कारकून म्हणून लागले होते. मुलीने नोकरी करावी यावर मंडळात बरीच कुजबुज झाली, पण घरी तांदूळ कुजबुजीने येत नाही. तिथे आम्ही चादरीएवढ्या कागदावर काम करायचो. डाव्या बाजूला एकाखाली एक मालाची नावं, वरच्या ओळीत खर्चाची: पोलाद, मजुरी, कोळसा, वाहतूक. प्रत्येक चौकटीत एकच आकडा. आडव्या बेरजा उजवीकडे, उभ्या बेरजा तळाला, आणि दोन्हींची मिळून बेरीज खालच्या उजव्या कोपऱ्यात एकच आली पाहिजे. आमचे साहेब टेबलावरून जाता जाता एवढंच विचारायचे, ‘कोपरा जुळला का?’ जुळला की जीव भांड्यात पडायचा. मला तो कागद मनापासून आवडायचा. त्याच्यापुढे कोणाचा मोठेपणा चालत नसे.

अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या कार्तिकात सुतक-दु:ख म्हणून आम्ही गेलोच नाही. दुसऱ्या वर्षी मंडळाचे सेक्रेटरी आणि त्यांच्या बायको घरी आले. सेक्रेटरी पुण्याचे, कारखान्यात इंजिनियर, माणूस स्वभावाने खरंच भला. खुर्चीत बसले, कॉफी घेतली आणि म्हणाले, “वहिनी, तुमची ओढाताण आम्हाला दिसते. यंदापासून तुमच्याकडून वर्गणी घ्यायची नाही, असं कमिटीने ठरवलंय. तुम्ही फक्त पहाटे सामानाच्या गाडीने पुढे चला आणि पुरणपोळ्यांचं तेवढं बघा. तुमच्या हाताला चव आहे. वर्गणी त्यातच वळती होईल.”

त्यांच्या बायको म्हणाल्या, “तेवढाच तुमचा वेळही जाईल, काकू.”

आई म्हणाली, “सरी.” एवढंच. मान खाली घालून.

ते उंबऱ्याबाहेर पडले न पडले तोच मी तोंड सोडलं. पूर्वीही आई पोळ्या करायची, नाही असं नाही. पण पूर्वी दहा बायका गोल बसून करायच्या, एकमेकींची पीठं काढायच्या, गाणी म्हणायच्या. आता इतर बायका नटूनथटून दुसऱ्या गाडीने येणार आणि माझी आई वर्गणीच्या बदल्यात शंभर माणसांच्या पोळ्या लाटणार. याला मराठीत काय म्हणतात? आचारीण म्हणतात. जी बाई हळदीकुंकवाला चालत नव्हती, ती चुलीपुढे बरी चालत होती.

“कशाला वाकड्यात शिरतेस?” आई म्हणाली. “पोळ्या करायला मला काय जड आहे? जायला मिळतंय ना, तेवढं पुरे. तू भांडलीस आणि उद्या त्यांनी बोलावणंच बंद केलं, तर मी कुठे जाऊ?”

हे खरं होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. भांडले तर तिचा तो एक दिवस जाणार, गप्प बसले तर ती पंगतीतून उठून कायमची चुलीपाशी जाणार. आज एका वर्षाची वळती, उद्या रिवाज. रिवाज एकदा पडला की मोडायला सात पिढ्या लागतात. “तुला पोळ्या करायच्या असतील तर खुशाल कर,” मी म्हटलं, “पण वर्गणी भरून कर.”

“बारा रुपये आहेत का तुझ्याकडे?”

नव्हते. महिन्याचं भाडं, वाणी आणि अण्णांच्या आजारपणातलं देणं जाऊन बारा रुपये वेगळे निघत नव्हते. पण आम्हा दोघींच्या जेवणाला बारा रुपये लागतातच कसे, हा प्रश्न त्या घटकेपर्यंत मला सुचला नव्हता. दिवसभर लोकांच्या पोलादाचा हिशोब लावणारी मी, घरचा हिशोब मात्र कमिटी सांगेल तो खरा धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी सेक्रेटरींकडे जाऊन मागच्या वर्षीच्या पावत्या मागितल्या. ते हसले. “घे बाई, नोकरी करतेस, तपासून बघ. चूक सापडली तर बक्षीस देईन.” चूक नव्हतीच. माणूस चोख होता. पावत्या मी पदरात बांधून आणल्या.

रविवारी दुपारी मी फुलस्केपचे ताव खळीने जोडून एक मोठा कागद केला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर पसरला. आई शेजारी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी डावीकडे अठरा घरं लिहिली. वर लिहिलं: गाडी, डाळ-गूळ, कणीक, तूप-दूध, भाजी, सरपण, केळीची पानं, आचारी. मग घराघरातली माणसं मोजायची होती. ती मला कुठली ठाऊक? आईला ठाऊक होती. कोणाची सासू येते, कोणाची मुलं किती, कोणाचा भाऊ फुकट जेवायला येऊन बसतो, ती तांदळावरची नजर न काढता सांगत गेली. तिला मजा यायला लागली होती. एका घराचं नाव निघालं तेव्हा तर ती खुदकन हसली आणि म्हणाली, “त्यांचा थोरला दोन माणसांचं जेवतो, दोन लिही.” मी एकच लिहिलं. हिशोब म्हणजे हिशोब.

एकूण खर्च दोनशे सोळा रुपये, माणसं लहानमोठी धरून एकशे आठ. डोई दोन रुपये. आम्ही दोघी, म्हणजे चार रुपये. इतकी वर्षं तीन माणसांचे आम्ही बारा भरत होतो आणि अकरा माणसांचं घरही बाराच भरत होतं. अण्णांनी ते आनंदाने भरले, मला त्याचं काही नाही. पण मग आम्ही अडचणीत आलो आणि लोकांनी आम्हाला आमचंच परत देऊन वर उपकार दाखवावेत, हे कुठलं शहाणपण?

शेवटच्या रकान्याशी आल्यावर मी थबकले. मागच्या वर्षी आई नव्हती म्हणून पोळ्यांना आचारी सांगितला होता; तो आणि त्याचा गडी मिळून पंचवीस रुपये घेऊन गेले होते.

“आई, आचाऱ्याला पंचवीस देतात.”

आईचा हात सुपात थांबला. “पंचवीस?”

“पंचवीस. आणि आपल्याला माफी बाराची. तू पोळ्या केल्यास की आचारी सांगायला नको. मंडळाचे तेरा रुपये वाचणार.”

तिने सूप बाजूला ठेवलं, कागदावर वाकली आणि वाचता येत होतं तेवढं बोटाने वाचलं. आमच्या घराची ओळ तिने दोनदा वाचली. “बैठकीला मी पण येते,” ती म्हणाली.

बैठक सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका आतल्या खोलीत सतरंजीवर, मधे उघडं दार. मी त्या दारात उभी राहिले. कागद जमिनीवर पसरला आणि सांगितलं की आम्हाला माफी नको, आमचा वाटा सांगा, आम्ही भरतो. वाटा कसा निघतो, कोपरा कसा जुळतो, तेही दाखवलं. मग आचाऱ्याचा रकाना दाखवला.

सेक्रेटरींचा चेहरा पडला. “अगं, आम्ही चांगल्या मनाने केलं. तेरा रुपये वाचवायला नव्हे.”

“मन चांगलंच आहे तुमचं,” मी म्हटलं, “पण माझी आई या मंडळाची सभासद आहे. चांगल्या मनाने तुम्ही तिला कामाला लावलंत. दुसऱ्या कुणाच्या बायकोला विचारलं असतंत का?”

आतून कोणीतरी “शाबास” म्हणालं आणि कोणीतरी “काय बाई जीभ” म्हणालं. दोन्ही मला ऐकू आलं.

खरी अडचण वेगळ्याच कोपऱ्यातून उठली. एक कारकून गृहस्थ होते, आठ मुलांचे बाप, आमच्यासारखेच जुने बेंगळूरकर, पगार बेताचा. ते उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “डोई दोन म्हणजे मला वीस रुपये. बारा कसेबसे जमवतो. मग मी काय पोरं घरी ठेवून येऊ?”

हिशोब बरोबर होता आणि तरी त्या माणसाकडे बघवत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, “म्हणूनच घरटी पद्धत बरी असते.” सगळ्यांच्या माना डोलल्या. माझा कागद गुंडाळला जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

तेव्हा आई बोलली. बायकांच्या खोलीतून, बसल्या जागेवरून, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा चारचौघांत. “बारा वर्षांच्या आतलं पोर अर्धं धरा. पाचाच्या आतलं धरूच नका. तेवढंसं पोर आईच्या मांडीवर बसून येतं, आईच्या पानातलं खातं.”

सेक्रेटरींनी लगेच पेन्सिल काढली. आकडेमोड त्यांना आवडायची, तो त्यांचा गुण. मीही दारातच बसकण मारली. मोठी माणसं साठ, अर्ध्या वाट्याची मुलं चाळीस, मांडीवरची आठ. मोठ्या माणसाला दोन रुपये सत्तर नये पैसे आले. आठ मुलांच्या बापाला साडेतेरा. ते मटकन खाली बसले आणि म्हणाले, “साडेतेरा जमतील. सरी आहे.”

मग सेक्रेटरींनी चष्म्यावरून आतल्या खोलीकडे बघितलं. “वहिनी, पण यात तुमचाच वाटा वाढला. आधी चार होता, आता पाच रुपये चाळीस झाला.”

“असू दे,” आई म्हणाली.

ती उठली, दारापर्यंत आली, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि पाचाची नोट आणि चिल्लर टेबलावर मोजून ठेवली. आम्ही चारच रुपयांचा विचार करून निघालो होतो. वरचे पैसे तिने कशाला म्हणून बरोबर घेतले होते, ते मी तिला कधी विचारलं नाही. “पावती द्या,” ती म्हणाली.

सेक्रेटरींनी पावतीपुस्तक उघडलं आणि सवयीने अण्णांचं नाव लिहायला घेतलं. आई म्हणाली, “माझं लिहा.” त्यांचं पेन थांबलं, कारण तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. दिवाणखान्यात कोणालाच माहीत नव्हतं. कोणाची ती अक्का, कोणाची काकू, कोणाची वहिनी. तिने आपलं नाव स्वत: सांगितलं, अण्णांच्या नावासकट, ठणठणीत आवाजात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं असं मी तेव्हा स्वत:ला सांगितलं.

एकाने शेवटचा खडा टाकलाच. “ते सगळं ठीक, पण पोळ्या कोण करणार?”

“आचारी,” मी म्हटलं. “रकाना आहे त्याचा.”

त्यानंतर काही घरं आमच्याशी फटकून वागू लागली. मोठ्या पगाराच्या, मोठ्या कुटुंबाच्या दोघांना वाढलेला वाटा झोंबला होता आणि ते मला ‘कोपरा’ म्हणू लागले. म्हणोत. सेक्रेटरींच्या बायको बाजारात दिसल्या की दुसऱ्या बाजूने जायच्या. आई रोज विचारायची, “बोलावणं येईल ना गं?” मी म्हणायची, पावती आहे तुझ्याकडे, बोलावणं कसलं? पण मलाही धाकधूक होतीच. मी तिचा एकुलता एक दिवस पणाला लावला होता आणि तो माझ्या मालकीचा नव्हता.

आवळीभोजनाच्या दिवशी आम्ही दोघी शिवाजीनगरला गेलो आणि दुसऱ्या गाडीत बसलो, माणसांच्या. आई खिडकीशी बसली. आठ मुलांच्या बापाचं एक पोर तिच्या मांडीवर येऊन बसलं आणि तळं येईपर्यंत झोपलं. गाडीत आमच्याशी फारसं कोणी बोललं नाही. आमराईत फांदी रोवून झाली होती, चूल पेटली होती, आचाऱ्याचा गडी घाम पुसत पुरण वाटत होता. आईचे हात शिवशिवत होते, मला दिसत होतं. एकदा तर ती चुलीच्या दिशेने दोन पावलं चाललीही. मग वळली आणि पानं मांडत होते तिकडे आली.

आमच्यात आधी पुरुष आणि मुलं जेवायची, मग सवाष्णी, आणि सगळं आटोपल्यावर आईसारख्या बायका, उरलंसुरलं पुढ्यात घेऊन. त्या दिवशी आई पहिल्या पंगतीला बसली. कोणाला विचारलं नाही, कोणाकडे बघितलं नाही. फांदीजवळच्या पानावर मांडी घातली. मी तिच्या शेजारी. पलीकडच्या गृहस्थांनी आपलं पान जरासं सरकवलं. त्यांना सरकवू दिलं.

त्या वर्षी वाढायला सेक्रेटरी होते. पोळ्यांची परात घेऊन ते ओळीने येत होते. आमच्यापाशी आल्यावर ते थांबले. मागे त्यांच्या बायको तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. मी तर त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले, काही बोलले असते तर मी तिथल्या तिथे उठून उत्तर दिलं असतं. ते वाकले, आणि आईच्या पानात पोळी वाढली. त्यांच्या बायकोने वर तूप घातलं, हात आखडता न घेता.

पोळ्या अगदीच बेताच्या झाल्या होत्या. जाड, काठाला पुरण नाही, मधे फुटलेल्या. लोक मुकाट्याने चावत होते. आईने पहिली पोळी सावकाश संपवली, बोटं पुसली आणि परातीकडे बघून म्हणाली, “आणखी एक वाढा.”

जेवणं झाल्यावर सेक्रेटरींच्या बायको तिच्याजवळ येऊन बसल्या. बैठकीनंतर पहिल्यांदाच. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या, “काकू, पुढच्या वर्षी पोळ्या तुम्हीच करा हो. आम्ही सगळ्या बसू तुमच्याबरोबर लाटायला. वर्गणीचा यात काही संबंध नाही.”

आईने पदराला हात पुसले. घाई केली नाही.

“करीन की,” ती म्हणाली. “मनात आलं तर करीन.”